थरथरणारी पिकअप : दोष शोधण्याची एक रीत

दुखणेकरी माणूस वैद्याकडे गेला म्हणजे वैद्य लगेच त्याच्या हातावर औषध ठेवीत नाही. काय होते, केव्हा होते, कशाने वाढते आणि कशाने उतरते, हे तो आधी विचारतो. गाडीच्या दुखण्यात मात्र हा क्रम पुष्कळदा उलटा होतो. आधी एक भाग बदलला जातो. गुण आला नाही म्हणजे दुसरा. तोही लागू पडला नाही म्हणजे तिसरा. शेवटी कधीतरी योग्य भागावर हात पडतो, पण तोवर मालकाची शिल्लक संपलेली असते.

प्रस्तुत लेखात अशाच एका दुखण्याचा विचार करावयाचा आहे. माल वाहणारी पिकअप गाडी वेग घेताना थरथरू लागते. ड्रायव्हर ॲक्सिलरेटर दाबतो, गाडी पुढे झेपावते, आणि त्याच क्षणी बैठकीखालून एक धडधड सुरू होते. पाय उचलला की ती कमी होते. हे का घडते, आणि दोष नेमका कुठे आहे हे एकही बोल्ट न सोडता बरेचसे कसे ठरविता येते, ते पाहू. यासाठी लागणारे गणित शाळेतल्या त्रैराशिकाच्या पलीकडचे नाही. तेव्हा कला व वाणिज्य शाखेच्या मित्रांनीही पान उलटू नये अशी विनंती आहे.

मी सध्या बडोद्याच्या उत्तर भागात, समा येथे राहतो. समा-सावली रस्त्यावर सकाळी उभे राहिले तर भाजी, दूध, फर्निचर, कारखान्यांचे सुटे भाग घेऊन जाणाऱ्या पिकअप गाड्यांची रांग दिसते. बेळगाव, कोल्हापूर, सांगली या आपल्या भागातही चित्र निराळे नाही. या गाड्यांचा मालक व ड्रायव्हर बहुधा एकच असतो, आणि गाडी कर्जावर घेतलेली असते. गाडी एक दिवस उभी राहिली तर त्या दिवसाची मिळकत बुडते, हप्ता मात्र चुकत नाही. म्हणून चुकीच्या निदानाची किंमत इथे फार मोठी असते.

फेऱ्यांचा हिशेब

गाडीतली कोणतीही नियमित थरथर ही कोणत्या ना कोणत्या फिरणाऱ्या भागाशी बांधलेली असते. त्या भागाच्या एका फेऱ्यात एकदा धक्का बसतो, किंवा दोनदा. म्हणून पहिला प्रश्न असा, की कोणता भाग किती वेगाने फिरतो?

समजा, गाडी ताशी ६० कि.मी. वेगाने चालली आहे. म्हणजे मिनिटाला १००० मीटर. पिकअपच्या चाकाचा परीघ साधारण २.२ मीटर धरू. १००० ला २.२ ने भागले की चाकाचे मिनिटाला सुमारे ४५० फेरे होतात. म्हणजे सेकंदाला साडेसात. आपल्याकडच्या बहुतेक पिकअप गाड्यांत इंजिन पुढे असते आणि जोर मागच्या चाकांना दिला जातो. गिअरबॉक्सपासून मागच्या ॲक्सलपर्यंत हा जोर नेणारी पोलादी नळी म्हणजे प्रोपेलर शाफ्ट. मागच्या डिफरन्शियलमधील दात्यांचे प्रमाण चारास एक धरले, तर शाफ्ट चाकाच्या चौपट फिरतो : मिनिटाला १८०० फेरे, सेकंदाला ३०.

आता इंजिन. पाच गिअरच्या गाडीत चौथा गिअर बहुधा सरळ असतो, म्हणजे इंजिन आणि शाफ्ट एकाच वेगाने फिरतात. तेव्हा इंजिनाचेही १८०० फेरे झाले. चार सिलिंडरच्या इंजिनात एका फेऱ्याला दोन स्फोट होतात. म्हणजे सेकंदाला ६० धक्के.

हे तीन आकडे लक्षात ठेवावेत : चाक साडेसात, शाफ्ट तीस, इंजिनाचे स्फोट साठ. साडेसाताचा कंप हाताला डोलल्यासारखा जाणवतो, जवळजवळ मोजताही येतो. तिसाचा कंप मोजता येत नाही, पण बैठकीतून स्पष्ट कळतो. साठाचा कंप अंगाला जाणवण्यापेक्षा कानाला घुमल्यासारखा ऐकू येतो. हल्ली विद्यार्थ्यांच्या हातातील फोनमध्येही कंपाची गणना दाखविणारी सोय मिळते. तो फोन बैठकीवर ठेवला तर अंदाजाच्या जागी आकडा हाती येतो.

क्रॉस : जोडही आणि खोडही

इंजिन व गिअरबॉक्स हे चासीला रबरी पायांवर जवळजवळ स्थिर बसविलेले असतात. मागचा ॲक्सल मात्र पाट्यांवर वरखाली होत असतो. दोहोंना जोडणारा शाफ्ट सरळ दांड्यासारखा पक्का जोडला तर पहिल्याच खड्ड्यात मोडेल. म्हणून त्याच्या टोकांना युनिव्हर्सल जॉइंट असतात. दोन काटे एकमेकांना आडवे धरायचे आणि मध्ये अधिक-चिन्हाच्या आकाराचा एक पोलादी तुकडा बसवायचा. गॅरेजमध्ये यालाच 'क्रॉस' म्हणतात. त्याच्या चारही बाहूंवर सुईसारख्या बारीक रुळांची बेअरिंगे असतात.

ही युक्ती जुनी आहे. इटालियन गणिती कार्डानो (१५०१–१५७६) याच्या नावाने ती युरोपात ओळखली जाते. इंग्रज शास्त्रज्ञ रॉबर्ट हूक याने सतराव्या शतकात सूर्य पाहण्याच्या उपकरणासंबंधी लिहिताना तिचे वर्णन केले. मोटारीत तिचा प्रसार होण्यास अमेरिकेतील क्लॅरेन्स स्पायसर याचे १९०३ चे पेटंट कारणीभूत झाले. त्यापूर्वी पुष्कळ मोटारी सायकलप्रमाणे साखळीवर चालत.

पण या जोडात एक उपजत खोड आहे. दोन शाफ्ट एका रेषेत नसून त्यांच्यात कोन असेल, तर पहिला शाफ्ट अगदी एकसारख्या वेगाने फिरला तरी दुसरा तसा फिरत नाही. एका फेऱ्यात तो दोनदा पुढे सरसावतो आणि दोनदा मागे रेंगाळतो. पहिल्याचा वेग १८०० आणि कोन ६ अंश असेल, तर दुसऱ्याचा वेग १७९० ते १८१० यांच्यामध्ये हेलकावे खातो. कोन १० अंश झाला तर हेच हेलकावे सुमारे १७७३ ते १८२८ असे वाढतात. टक्केवारीत सांगायचे तर ३ अंशांना ०.१४, ६ अंशांना ०.५५ आणि १० अंशांना सुमारे १.५ टक्के. कोन दुप्पट झाला की दोष चौपट होतो. ६ अंशांचा अर्धा टक्का किरकोळ वाटेल. परंतु ताशी ६० कि.मी. ला हा हेलकावा सेकंदाला ६० वेळा होतो, आणि त्याच्या मागे इंजिनाचा सारा जोर उभा असतो.

यावर उपाय म्हणजे दुसरा जोड. शाफ्टच्या एका टोकाचा जोड जेवढा पुढे-मागे करतो, तेवढेच दुसऱ्या टोकाच्या जोडाने उलट करावे, म्हणजे बेरीज शून्य. त्यासाठी दोन अटी आहेत. पहिली, दोन्ही जोडांचे कोन सारखे असावेत. दुसरी, शाफ्टच्या दोन्ही टोकांचे काटे एकाच पातळीत असावेत. यातली एक अट जरी मोडली तरी एका जोडाची खोड दुसरा जोड फेडू शकत नाही.

लांब गाडीत शाफ्ट दोन तुकड्यांत असतो आणि मध्ये रबरात बसविलेले सेंटर बेअरिंग असते. त्याचेही कारण कंपच आहे. लांब नळी विशिष्ट वेगाला पोटात वाकून घुमू लागते. तंबोऱ्याची तार निम्मी केली तर तिचा कंप दुप्पट होतो हे आपण जाणतो. पण पोलादी शाफ्ट निम्मा केला तर त्याचा हा घुमण्याचा वेग चौपट होतो. म्हणून लांब शाफ्टचे दोन केले की तो धोक्याचा वेग गाडीच्या रोजच्या वेगाच्या फार पलीकडे जातो.

ॲक्सिलरेटर दाबल्यावर काय होते?

आता मूळ प्रश्नाकडे वळू. थरथर वेग घेतानाच का येते?

पहिले कारण न्यूटनच्या तिसऱ्या नियमात आहे. ॲक्सल चाकांना पुढे फिरवितो, तेव्हा चाके ॲक्सलच्या घराला उलट दिशेने फिरवू पाहतात. त्यामुळे शाफ्ट जिथे डिफरन्शियलला मिळतो ते पुढचे टोक, ज्याला आपण ॲक्सलचे नाक म्हणू, वर उचलले जाते. त्याला धरून ठेवणारे पाटे किंचित नागमोडी वाकतात. पाटे थकलेले असतील, यू-बोल्ट सैल असतील किंवा पाट्यांचा मधला बोल्ट तुटला असेल, तर हे नाक अधिकच वर जाते. गाडी उभी असताना सारखे असलेले दोन कोन जोर लावताच असमान होतात.

दुसरे कारण असे : कोनातून जोर नेताना त्यातील काही भाग शाफ्टला आडवा ढकलतो. हा आडवा रेटाही एका फेऱ्यात दोनदा कमीजास्त होतो. तो किती असेल हे दोन गोष्टींवर ठरते, कोन किती आणि जोर किती. दोन जोडांचे कोन सारखे ठेवून वेगाचा हेलकावा नाहीसा होतो, पण हा आडवा रेटा नाहीसा होत नाही. तो आवरायचा तर कोनच लहान हवेत.

म्हणूनच खालच्या गिअरमध्ये, चढावर, ताशी २० कि.मी.च्या आसपास ही धडधड सर्वांत जास्त जाणवते. त्या वेळी शाफ्ट सेकंदाला १० फेरे घेतो, त्याचे धक्के २० होतात, आणि हा कंप अंगाला चांगलाच कळणारा आहे.

याच्या उलट तोल गेलेल्या शाफ्टची गोष्ट. शाफ्टला तोलासाठी चिकटविलेला २० ग्रॅमचा लोखंडी तुकडा गळून पडला असे समजा. मध्यापासून ४ सें.मी. अंतरावरील हा असमतोल १८०० फेऱ्यांना सुमारे तीन किलो वजनाइतका ओढतो, आणि ताशी ९० कि.मी. ला, म्हणजे २७०० फेऱ्यांना, साडेसहा किलोइतका. ही ओढ वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ॲक्सिलरेटरवर पाय आहे की नाही याच्याशी तिला कर्तव्य नसते. हा भेद निदानाचा पाया आहे.

पाच प्रश्न

गाडीला विचारावयाचे प्रश्न पाच आहेत. परीक्षा मोकळ्या, सपाट रस्त्यावर घ्यावी. घाटात किंवा उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये कधीही सोडू नये.

१. गाडी उभी असताना, न्यूट्रलमध्ये इंजिनाचा वेग वाढविल्यावर थरथर येते काय? आली तर चाके व शाफ्ट निर्दोष समजावीत, कारण ती फिरतच नाहीत. इंजिनाचे रबरी पाय, इंजेक्टर, क्लच-फ्लायव्हील इकडे पाहावे.

२. ज्या वेगाला थरथर येते त्या वेगाला क्लच दाबून गाडी वाहू दिली तर काय होते? थरथर तशीच राहिली तर टायर, चाकाची रिंग किंवा शाफ्टचा तोल संशयित. ती एकदम गेली तर दोष जोराशी निगडित आहे : क्रॉस, कोन, पाटे, किंवा जोर लावताना धक्के देणारे इंजिन.

३. तोच वेग दुसऱ्या गिअरमध्ये ठेवला तर? ताशी ६० कि.मी. ला चौथ्याऐवजी तिसरा गिअर घेतला आणि त्याचे प्रमाण दीडास एक असले, तर इंजिनाचे फेरे १८०० चे २७०० होतात. शाफ्टचे मात्र १८००च राहतात. कंपाची जात बदलली तर दोष इंजिनाकडे, न बदलली तर शाफ्ट किंवा चाकांकडे. वर आपण पाहिले की चौथ्या गिअरमध्ये इंजिनाचे स्फोट आणि क्रॉसचे हेलकावे दोन्ही साठच येतात. केवळ कानाने ते वेगळे करता येणार नाहीत. गिअर बदलला की ते आपोआप वेगळे होतात. या एका परीक्षेला पैसा लागत नाही, आणि तीच सर्वांत कमी केली जाते.

४. गाडी रिकामी असताना आणि भरलेली असताना फरक पडतो काय? फरक पडत असेल तर पाटे व शाफ्टचे कोन यांकडे बोट जाते, कारण माल भरल्यावर बदलते ती मागची उंची. टायरचा दोष मालामुळे नाहीसा होत नाही.

५. थरथर कुठे जाणवते? स्टिअरिंगमध्ये असेल तर पुढची चाके. बैठकीत व पायाखालच्या पत्र्यात असेल तर शाफ्ट किंवा मागची बाजू.

समातील एक उदाहरण

आमच्या शेजारी एक गृहस्थ राहतात. वस्तीत सगळे त्यांना काका म्हणतात. सावलीकडच्या गावांतून भाजी शहरात आणणे हा त्यांचा व्यवसाय. त्यांची पिकअप रिकामी असताना दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये वेग घेताना धडधडू लागली. चाकांचा तोल करून झाला, दोन टायर नवे घातले, इंजिनाचे रबरी पाय बदलले. मग "काका, क्लच प्लेट गेली" असा सल्ला मिळाला, तीही बदलली. थरथर जिथल्या तिथे राहिली. पुढचा सल्ला गिअरबॉक्स उतरविण्याचा होता, आणि त्यासाठी काकांजवळ पैसे उरले नव्हते.

वरचे प्रश्न विचारल्यावर उत्तरे अशी आली. उभ्या गाडीत थरथर नाही. क्लच दाबताच ती जाते. गिअर बदलला तरी त्याच वेगाला तशीच राहते. आणि माल भरला की जवळजवळ नाहीशी होते. एवढ्यावरून टायर, इंजिन आणि क्लच तिन्ही सुटले. उरले ते शाफ्टचे कोन. "पाट्यांना अलीकडे हात लावला होता काय?" असे विचारल्यावर काका म्हणाले, "हो, जास्त माल घेता यावा म्हणून दिवाळीआधी एक पान वाढवून घेतलं."

कोन मोजण्यासाठी कंपासपेटीतला कोनमापक, दोरा आणि ओळंबा म्हणून एक नट एवढेच साहित्य पुरले. गाडी सपाट जागी चारही चाकांवर उभी करून आणि चाकांना ठोकळे लावून मापे घेतली. शाफ्टचा पुढचा तुकडा मागे ३ अंश उतरता होता, मागचा तुकडा ९ अंश, आणि ॲक्सलच्या नाकाचा उतारही ९ अंश. म्हणजे सेंटर बेअरिंगमागच्या जोडाचा कोन ६ अंश आणि ॲक्सलजवळच्या जोडाचा शून्य.

मागचा जोड अगदी सरळ आहे हे पाहून गॅरेजवाल्यांनी पूर्वी समाधान व्यक्त केले होते. वास्तविक तीच अडचण होती. पुढच्या जोडाची ६ अंशांची खोड फेडायला मागच्या जोडात कोनच शिल्लक नव्हता. माल भरला की मागची बाजू दबून शाफ्टचा उतार ९ चा ६ होई. मग पुढचा कोन ३ आणि मागचाही, उलट बाजूने, ३. बेरीज शून्य आणि गाडी शांत. काकांना जे कोडे वाटत होते ते वजाबाकीने सुटले.

नाक इतके वर का गेले होते? पाटा आणि ॲक्सल यांच्यामध्ये त्या गाडीला ३ अंशांची एक पाचर होती. जास्तीचे पान घालताना ती उलटी बसली होती, त्यामुळे दुप्पट, म्हणजे ६ अंशांचा फरक पडला होता. पाटे भरणाऱ्या कारागिराने पाचर सुलटी बसविली. नाक ३ अंशांवर आले, दोन्ही कोन ६-६ झाले आणि मोठी धडधड गेली. परंतु पहिल्या गिअरमधून निघताना किंचित थरथर उरली. हा तो आडवा रेटा. मग जास्तीचे पानही काढले; शाफ्टचा उतार ७ अंशांवर आला, दोन्ही कोन ४-४ राहिले, आणि उरलेली थरथरही थांबली.

पान वाढविण्याविषयी एवढे सांगणे अवश्य आहे, की पाटा जाड केल्याने गाडीची मागची बाजू वर राहते, पण ब्रेक, ॲक्सल, टायर आणि चासी यांची ताकद त्यामुळे वाढत नाही. कंपनीने ठरवून दिलेला भार हाच खरा भार.

पुराचे पाणी आणि क्रॉस

सर्वच थरथर कोनाची नसते. झिजलेला क्रॉस हे तिचे नेहमीचे कारण आहे, आणि आपल्या भागात त्याचा पुराशी जवळचा संबंध आहे. विश्वामित्री नदी समाच्या जवळून वाहते. २०१९ च्या जुलैअखेर आणि पुन्हा २०२४ च्या ऑगस्टमध्ये बडोद्यात पुराचे पाणी शिरले. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णा-पंचगंगेच्या पुराने सांगली, कोल्हापूर आणि बेळगाव जिल्ह्यांत काय केले ते वाचकांना सांगावयास नको. अशा वेळी पाण्यात उभी राहिलेली गाडी धुऊन-पुसून सुरू होते आणि सारे ठीक आहे असे वाटते. पण क्रॉसच्या टोप्यांत पाणी गेलेले असते. सुईसारखे रूळ तिथे पूर्ण फेरा घेत नाहीत, थोड्याशा कोनात पुढे-मागे हलतात. ग्रीस गेलेल्या ठिकाणी गंज धरतो, रूळ एकाच जागी घासून बाहूंवर खाचा पाडतात, आणि काही महिन्यांनी थरथर सुरू होते. तोवर पूर विसरला गेलेला असतो.

ओळखण्याची खूण सोपी आहे. इंजिन बंद करून, चाकांना ठोकळे लावून, शाफ्ट हाताने दोन्ही दिशांना पिळावा. क्रॉसमध्ये 'टक्' असा आवाज किंवा हालचाल जाणवली, अथवा टोपीभोवती तांबूस भुकटी दिसली, तर क्रॉस संपला असे समजावे. पाण्यात उभ्या राहिलेल्या गाडीत क्रॉसला चारही टोप्यांतून नवे ग्रीस बाहेर येईपर्यंत ग्रीस भरावे. बंद जातीचा क्रॉस असेल तर तो तपासून बदलावा. डिफरन्शियलचे तेल दुधाळ दिसले तर त्यात पाणी गेले आहे, तेही बदलावे.

या कामात दिरंगाई करू नये. चालत्या गाडीत पुढचा क्रॉस तुटला तर शाफ्टचे टोक खाली पडून रस्त्यात रुतू शकते आणि गाडी उचलली जाऊ शकते. मागचा तुटला तर मोकळे टोक गरगरत ब्रेकच्या नळ्यांवर आपटू शकते. थरथर ही त्याची आगाऊ सूचना होय.

दुरुस्ती करताना

शाफ्ट उतरविण्यापूर्वी त्याच्या प्रत्येक जोडीवर खुणेची रेघ मारावी. शाफ्टमध्ये मागेपुढे सरकणारा दातेरी जोड असतो. तो एक-दोन दाते चुकून बसला तर दोन्ही टोकांचे काटे एका पातळीत राहत नाहीत, आणि क्रॉस नवा असूनही गाडी पूर्वीपेक्षा अधिक थरथरते. क्रॉस काढताना काट्यावर हातोडा मारू नये. काटा वाकला तर नवा क्रॉसही आखडतो. शाफ्टला पोचा आला असेल, तोलाचा तुकडा गळला असेल किंवा वेल्डिंग केले असेल, तर तो तोल करण्याच्या यंत्रावर तपासून घ्यावा. सेंटर बेअरिंगचे रबर फाटले तर शाफ्ट लोंबतो आणि सगळे कोन बिघडतात. म्हणून तेही पाहावे. जॅकवर उचललेल्या गाडीची चाके फिरत असताना खाली कोणीही जाऊ नये. दुरुस्तीनंतर ज्या वेगाला, ज्या गिअरमध्ये आणि जेवढ्या मालासह थरथर येत होती, नेमकी तीच स्थिती पुन्हा आणून परीक्षा घ्यावी. एरवी "बरे वाटते" या शब्दांना अर्थ नाही.

बडोद्यात सयाजीराव महाराजांनी १८९० साली कलाभवन स्थापन केले. हाताचे काम करणाऱ्याला त्यामागचे शास्त्र शिकवावे, हा त्यामागचा विचार होता. त्याच परंपरेतून आज तेथील विद्यापीठाची तंत्रविद्या शाखा उभी आहे. काकांच्या गाडीच्या बाबतीत पाचर सुलटी करणारा हात पाटे भरणाऱ्या कारागिराचाच होता. पुस्तकी ज्ञानाने ती बसली नसती. पण पाचरीकडे पाहावे हे पाच प्रश्नांनी आणि एका कोनमापकाने सांगितले. आपल्या विद्यार्थ्यांपैकी अनेकांच्या घरी पिकअप, टेंपो किंवा ट्रॅक्टर आहे. पुढच्या वेळी गाडी गॅरेजमध्ये नेताना "थरथरते" एवढेच न सांगता, किती वेगाला, कोणत्या गिअरमध्ये, रिकामी की भरलेली, आणि क्लच दाबल्यावर काय होते, हे एका कागदावर लिहून न्यावे. मेकॅनिकचे निम्मे काम त्यानेच होईल, आणि घरातले पैसे नको त्या भागावर जाणार नाहीत.